मुळं तासू नका

मृग लागला की एकच वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणते. आमच्या रोपवाटिकेच्या फाटकाशी ट्रॅक्टर लागतो, ट्रॉलीत केळीची रोपं चढतात, आणि शेतकरी निघता निघता मी हाक मारते, "भाऊ, पिशवी अलगद फाडा, मातीचा गड्डा तसाच राहू द्या, आणि काही झालं तरी मुळं तासू नका." बहुतेक जण हसतात. "मॅडम, आता कोण तासतं? ते दिवस गेले." पण एखादा म्हातारा हसत नाही, नजर चुकवतो. मला लगेच कळतं, या बाबाचा हात विळ्याकडे जाणार होता. त्याला मी बाजूला घेते, चहा पाजते आणि तेच वाक्य पुन्हा सांगते. रोपवाटिकेतल्या पोरी मला चिडवतात, मॅडमची टेप लागली म्हणून. चिडवू देत.

पाऊस अजून नीट झालेला नसतो, उकाड्याने जीव नकोसा होतो, आणि रोपांच्या पिशव्यांतून ओल्या मातीचा वास येत असतो. तो वास आला की मी पन्नाशीकडे झुकलेली बाई राहत नाही. बारावीचा निकाल हातात घेऊन उभी असलेली, नाकावर राग घेऊन हिंडणारी निमा होते.

ते सत्त्याण्णव साल. रावेर तालुक्यातलं आमचं गाव, चारी बाजूंना केळी आणि उत्तरेला सातपुडा. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि पेपरात एका मेंढीचा फोटो आला. विलायतेतल्या शास्त्रज्ञांनी एका मेंढीच्या अंगातली पेशी घेऊन हुबेहूब तिच्यासारखी दुसरी मेंढी जन्माला घातली होती. क्लोन. हा शब्द आमच्या गावात त्या आठवड्यात आला आणि पानटपरीवर मुक्कामालाच राहिला. एक म्हणायचा, "माहा एक जोड काढून द्या रे. एक मी पाणी भरीन, दुसरा मी सासरवाडीले जाईन." लगेच दुसरा विचारायचा, "आन् मार कोणता खाईन?" पेपरात मोठमोठे लेख येत होते. देवाच्या कामात ही ढवळाढवळ आहे, उद्या माणसाच्या नकला निघतील, पैसेवाले आपले जोड करून ठेवतील. मी ते लेख वाचायचे आणि चिडायचे. मला ती मेंढी फार आवडली होती. विज्ञान एवढं पुढे गेलं आणि हे लोक देवाच्या गोष्टी करतात, असं मला वाटायचं. सतराव्या वर्षी आपल्याला सगळं कळत असतं, त्याला इलाज नाही.

ती बातमी मी घरात मोठ्यांदा वाचून दाखवली ती अक्काला. अक्का म्हणजे माझी आत्या, नानांची थोरली बहीण. माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. अक्का ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमची. केळीचे कंद तासण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. ज्यांना केळीची शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. केळीला बी नसतं. जुन्या झाडाच्या बुडाशी पिलं येतात, त्यांना आम्ही मुनवे म्हणतो. ते खणून काढायचे, विळ्याने त्यांची मुळं साफ तासायची, शेंडा छाटायचा, गड्डा नारळासारखा गुळगुळीत करायचा, चार दिवस सावलीत सुकू द्यायचा आणि मग लावायचा. हेच बेणं. तासलं नाही तर जुन्या मुळांबरोबर जुनी कीड नव्या शेतात जाते. हे अक्काला कोणी शिकवलं नव्हतं, तिच्या हाताला ते ठाऊक होतं.

त्या दिवशीही ती ओट्यावर बसून कंद तासत होती. मी बातमी वाचली. बाप नाही, नुसती आईची नक्कल, असं डोळे मोठे करून सांगितलं. तिने विळा थांबवला नाही.

"तेच्यात काय नवल?" ती म्हणाली. आमच्या बोलीत ळ चा य होतो, म्हणून तिची केळी 'केयी' होती. "केयी उमरभर हेच करते. माय घड देते न् मरते, बुडाशी लेक उभी. तिचीवाली लेक, तिचीवाली लेक. बाप कुठी हाये तेच्यात? त्या मेंढीले बी नसन बी."

मी हसून हसून पडले. पुढे कॉलेजात गेल्यावर समजलं, बाई शंभर टक्के बरोबर बोलली होती. आमच्या गावाभोवतीची सगळी केळी म्हणजे एकाच झाडाच्या नकलाच. आम्ही क्लोनच्या जंगलात राहत होतो आणि क्लोन येणार म्हणून घाबरत होतो.

पण अक्काचं बेणं कोणाला मिळत नसे. त्यामागे एक गोष्ट होती. ती लग्न होऊन यावलकडे गेली तेव्हा आजोबांनी आमच्या मळ्यातले पाच कंद तिच्याबरोबर दिले होते. पंधरा वर्षांनी ती परत आली तेव्हा सासरहून तिने ना भांडं आणलं ना लुगडं. त्याच बेण्याचे पाच कंद ओटीत बांधून आणले. विहिरीजवळच्या कोपऱ्यात तिने ते स्वतः लावले आणि वाढवले. लोक म्हणत, त्या घडाची गोडी वेगळी आहे. सोयरे बेणं मागायला येत. अक्का त्यांना चहा पाजायची, पोहे खाऊ घालायची आणि हात हलवत परत पाठवायची. दुसऱ्या बेण्यात ते मिसळायचं नाही, हा तिचा नेम होता. नानांनासुद्धा तिने त्यातला एक मुनवा दिला नव्हता.

परीक्षा संपली आणि मी धुळ्याला मामाकडे गेले. आई धुळ्याकडची, तिच्या माहेरी अहिराणी बोलत. भिलामामा एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता, म्हणजे पडद्यामागच्या नव्हे, प्रेक्षकांच्या पाठीमागच्या खोलीत मशीन चालवायचा. त्या खोलीत भट्टीसारखा उकाडा. मामा बनियनवर, खांद्यावर ओला पंचा. दुपारच्या खेळाला मी तिथल्या स्टुलावर बसून चौकोनी भोकातून सिनेमा बघायचे. आवाज निम्मा मशीनचा, निम्मा सिनेमाचा.

त्या उन्हाळ्यात तिथे एक हिंदीत डब केलेला इंग्रजी सिनेमा लागला होता. एक गडगंज श्रीमंत म्हातारा काचेच्या टाकीत आपला जोड तयार करून ठेवतो. आपलं काळीज बिघडलं की त्याचं काढून घ्यायचं, एवढ्यासाठी. शास्त्रज्ञाचे केस विस्कटलेले, नळ्यांतून हिरवं-लाल पाणी खदखदतंय. एक दिवस जोड टाकीतून बाहेर येतो, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, आणि पहिलंच वाक्य बोलतो ते सूड घेण्याचं. मी तो सिनेमा सहा वेळा पाहिला. पहिल्यांदा घाबरले, दुसऱ्यांदा रडले, तिसऱ्यांदा मला प्रश्न पडला की याला इस्त्री कोणी करून दिली?

मामाला विचारलं, "मामा, खरंच असं होईल का रे?"

"बठ्ठं खोटं शे," मामा म्हणाला. मग रीळ बदलता बदलता त्याने मला पट्टीचा एक तुकडा उजेडासमोर धरून दाखवला. त्यावर बारीक रेघा होत्या. "देख बेटा. पिच्चर एकच शे. मुंबईले तोच, जळगावले तोच. पन ह्या रेघा देख. ह्या मन्या मशीनन्या शेतस. दुसरी प्रिंटवर ह्या सापडाव नहीत."

तेव्हा मी नुसतं "हो का" म्हटलं आणि भेळ खायला पळाले. आता वाटतं, एवढ्या मोठमोठ्या लेखकांनी पेपरात जे सांगितलं नाही ते बनियनवरच्या माझ्या मामाने एका वाक्यात सांगितलं. नक्कल निघते, पण जिथे ती चालते तिथल्या रेघा तिच्यावर उमटतात. दोन नकला एकसारख्या राहतच नाहीत.

त्यानंतर मी असले सिनेमे पुष्कळ पाहिले आणि अजूनही सोडत नाही. पण माझी एक तक्रार कायम आहे. सिनेमातला क्लोन थेट मोठाच होऊन बाहेर येतो. त्याचं नाक कोणी पुसत नाही, त्याला गोवर येत नाही, त्याच्या दप्तराचा बंद तुटत नाही. अहो, जन्माला घालणं सोपं, वाढवणं म्हणजे खायचं काम नव्हे! आणि त्या प्रयोगशाळा! आमच्या प्रयोगशाळेत खदखदणारं काहीच नसतं. भलामोठा प्रेशर कुकर असतो, बाटल्या असतात, आणि आजूबाजूच्या गावांतल्या पोरी असतात. त्या आत शिरताना बांगड्या काढून डब्यात ठेवतात, हात धुतात, ज्योतीपाशी बसून चिमट्याने केळीच्या कोंबाचा इवलासा तुकडा बाटलीत ठेवतात. ते करताना दबक्या आवाजात विषय चालू असतो तो सासूचा. विज्ञानाचं इतकं खरं चित्र मला एकाही सिनेमात दिसलं नाही.

एका बाबतीत मात्र तो सिनेमा बरोबर होता. त्या म्हाताऱ्याने नक्कल काढली यात त्याचं पाप नव्हतं, ती कशासाठी काढली यात होतं. दुसऱ्या जिवाला आपल्या सोयीसाठी जन्माला घालायचं, आणि तो काय होणार हे आधीच ठरवून टाकायचं. पण त्यासाठी काचेची टाकी कशाला हवी? आमच्याकडे लेक जन्मली की तिचं ठरलेलं असायचं. आईसारखी भाकरी, आईसारखं खालमानेनं चालणं, आईचं झालं त्याच वयात लग्न. ही नक्कल काढताना कोणाला देव आठवला नाही. हे मी आज लिहिते आहे, पण त्या उन्हाळ्यात ते मला बोलता येत नव्हतं. नुसता राग यायचा.

कारण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी परत आले तर यावलच्या बाजूचं एक स्थळ आलेलं होतं. माणसं चांगली, मळा मोठा, मुलगा शांत. नानांनी त्यांना मृगापर्यंत थांबायला सांगितलं होतं. मी आईजवळ रडले, ती म्हणाली, "मी काय सांगू माय, नानांशी बोल." मी नानांशी बोलले. म्हणजे भांडलेच. मला जळगावला जायचं होतं, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. बाटलीत केळी वाढवतात तिथे काम करायचं होतं. त्या सुमारास बाटलीतली रोपं, आमच्या भाषेत 'टिशूची रोपं', कुठे कुठे लागू लागली होती. एकसारखी वाढतात, सगळे घड बरोबर येतात, असं लोक सांगायचे. निम्मे विश्वास ठेवायचे, निम्मे थट्टा करायचे.

नाना माझं सगळं ऐकून घेत. ते फार कमी बोलायचे आणि बोललेलं फिरवायचे नाहीत. दोन दिवसांनी जेवता जेवता म्हणाले, "वरच्या तुकड्यात तुही ती बाटलीतली रोपं लावून पाहू. सारं तू पाहायचं. रोपाले नवं पान फुटलं की तुह्या कॉलेजच्या फॉर्मवर माही सही. नाही फुटलं तं त्या लोकांले हो म्हणायचं. मग रडायचं नाही."

मी आनंदाने उडी मारली. नवं पान! त्यात काय एवढं? रोप लावलं की आठ-दहा दिवसांत पान फुटतंच. मी पुस्तकात वाचलं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

अक्का मात्र नाराज होती. बाटलीत जन्मलेलं झाड तिला पटेना. "जेले मातीच ठाव नाही ते काय घड देईन?" असं ती चार दिवस पुटपुटत राहिली. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "पान नाही फुटलं तं तुले खरंच देऊन टाकतीन का वं?" मी हो म्हटलं. ती गप्प झाली. मी तेव्हा माझ्याच नादात होते, त्या गप्प होण्याकडे मी लक्ष दिलं नाही.

निकाल लागला, मार्क चांगले पडले. ज्या दिवशी रोपं येणार त्याच दिवशी मला फॉर्म आणायला जळगावला जावं लागलं. नाना केळीच्या गाडीबरोबर गेले होते. मी सकाळी निघताना रोपांची गाडी दाराशी उभी होती. काळ्या पिशव्यांतली वीतभर रोपं, हिरवीगार, नुकत्या न्हायलेल्या पोरांसारखी. गड्यांनी ती गोठ्याच्या सावलीत उतरवली. मी अक्काला म्हटलं, "लक्ष ठेव गं." बस्, एवढंच म्हटलं. तीच चूक.

संध्याकाळी फॉर्म छातीशी धरून घरी आले. गोठ्यात पाऊल टाकलं. रिकाम्या काळ्या पिशव्यांचा एका बाजूला ढीग. गोणपाटावर रोपं ओळीने मांडलेली, एकेक धुऊन स्वच्छ केलेलं. माती नाही, मुळं नाहीत, पानं छाटलेली. कांद्याच्या पातीसारखे बोटभर दांडे. आणि त्यांच्यामध्ये अक्का, कमरेवर हात ठेवून, दमलेली, घामेजलेली आणि इतकी खूश की काय सांगू.

"पाय बरं, कशी तासली! दिवसभर पाठ नाही टेकली. येवढाले मुयं होते एकेकाले. आता पाय कसे पान फुटते ते."

तिला तिच्या सगळ्या आयुष्यात जे उत्तम येत होतं ते तिने माझ्यासाठी केलं होतं. चांगलं बेणं लावायचं तर तासून लावायचं. यात चूक काय? जो माणूस पन्नास वर्षं कंद तासत आला तो दुसरं काय करणार? हे सगळं मला आज दिसतं. त्या क्षणी मला फक्त मेलेली रोपं दिसली. मी तिच्यावर ओरडले. "अडाणी! तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला? माझं वाटोळं केलंस!" असं बोलले. आणखीही बोलले, ते इथे लिहायची मला लाज वाटते. आई धावत आली. अक्काने हातातला विळा खाली ठेवला आणि ती त्या दांड्यांकडे बघत बसली. तिला माझं बोलणं कळलं नव्हतं. मुळं तासली म्हणून झाड मरतं, हे तिच्या जगात कुठे बसतच नव्हतं.

नाना आले. त्यांनी रोपं पाहिली, मला पाहिलं, अक्काला पाहिलं. "लावून टाक," एवढंच म्हणाले. बोललेलं फिरवायचं नाही, म्हणजे नाहीच.

आम्ही लावली. फॉर्म भरायची शेवटची तारीख दहा दिवसांवर होती. पहिल्या तीन दिवसांत एकेक दांडा पिवळा पडून वाकू लागला. मी रोज पहाटे शेतात जायचे आणि रोज रडून यायचे. चौथ्या दिवशी गेले तर प्रत्येक दांड्यावर पळसाच्या पानाची टोपी. उन्हाचा चटका लागू नये म्हणून दोन काड्यांवर बेतून ठेवलेली. सगळ्या तुकड्यात टोप्याच टोप्या. अक्का शेवटच्या ओळीत बसून तांब्याने एकेका रोपाला पाणी घालत होती, तोंडाने त्यांच्याशी बोलत होती. मी दुसरा तांब्या घेतला आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. दुपारी आम्ही मधल्या ओळीत भेटलो तेव्हा तिने पदरातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

आठवा दिवस गेला, नववा गेला. काही दांडे तग धरून होते, आत थोडी हिरवळ होती, पण नवं पान म्हणावं असं कुठेच काही नव्हतं. दहाव्या दिवशी मी अंथरुणातून उठलेच नाही. डोक्यावरून चादर घेऊन पडले होते. फॉर्म उशीखाली.

सकाळी आठ-साडेआठला बाहेरून अक्काचा आवाज आला. "नाना! ओ नाना! या बरं वरच्या तुकड्यात. अन् त्या पोरीले उठवा."

आम्ही गेलो. अक्का सगळ्यात पुढे, जवळजवळ पळत, तिच्यामागे नाना, शेवटी मी. वाटेकडच्या पहिल्याच ओळीत तिने पळसाची टोपी बाजूला केली. आत एक नवं पान होतं. हिरवं, घट्ट गुंडाळलेलं, चांगलं वीतभर वर आलेलं, टोकाला नुकतं उलगडू लागलेलं.

मी आनंदाने पुढे झाले, आणि दुसऱ्याच क्षणी थांबले. ते माझं रोप नव्हतं. बुंधा मनगटाएवढा जाड होता आणि त्यावर विळ्याचा स्वच्छ तिरपा वार होता. वरून छाटलेल्या मुनव्याच्या मधून कोंब असाच वर येतो, चार दिवसांत. मी बाजूच्या टोप्या पाहिल्या. जिथे जिथे दांडा मेला होता तिथे तिथे ओळीने तेच, जाड बुंधे, गुळगुळीत छाटलेले. विहिरीजवळच्या कोपऱ्याकडे नजर गेली. तिथे जागोजागी ताजी माती उकरलेली होती. तिथेच आधी छाटून ठेवलेले मुनवे तिने रात्रीतून इथे आणून लावले होते.

मी अक्काकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती नानांकडे बघत होती, आणि लहान मुलं खोटं बोलताना जशी ताठ उभी राहतात तशी ताठ उभी होती. माझ्या मनात एकदा आलं, सांगावं. खरं सांगायचं तर मी नाही सांगितलं.

नाना खाली बसले. त्यांनी ते पान दोन बोटांत धरलं, अलगद सोडलं. मग उठून हात धोतराला पुसले.

"पान फुटलं," ते म्हणाले. "फॉर्म आण."

ट्रॅक्टरच्या मडगार्डवर फॉर्म ठेवून त्यांनी सही केली, त्यांच्या मोठ्या, एकेक अक्षर सुटं असलेल्या हस्ताक्षरात. त्याच दुपारच्या गाडीने मी जळगावला गेले. यावलच्या लोकांना नानांनी काय सांगितलं, मला ठाऊक नाही. त्या मुलाचं चांगलं झालं, एवढं मात्र पुढे कानावर आलं आणि मला खरंच बरं वाटलं.

त्या तुकड्याचं काय झालं? अक्काने तासलेली निम्मी रोपं गेली आणि निम्मी जगली. होय, जगली! मुळं नसताना, पानं नसताना त्यांनी नवी मुळं काढली. पुस्तकाने त्यांना मेलेलं ठरवलं होतं, त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं. मध्ये मध्ये अक्काचं बेणं उभं राहिलं. पुढच्या वर्षी केळीवर रोग आला, तो बाटलीतल्या झाडांना जास्त लागला. त्याच्या पुढच्या वर्षी वाऱ्याने मुनव्याची उंच झाडं पाडली, तेव्हा बाटलीतली बुटकी उभी राहिली. लोक म्हणायचे, बरं झालं मिसळलं ते. आज मी शेतकऱ्यांना सांगते, नक्कल वाईट नाही, पण सारं शेत एकाच नकलेवर सोडू नका, एक कोपरा आपल्या बेण्याला ठेवा. रोपं विकणाऱ्या बाईने हे सांगावं का, असं मालक मला दरवर्षी विचारतात. मी दरवर्षी सांगते.

नोकरीला लागल्यावर मी पहिलं काम केलं ते हेच. अक्काच्या बेण्याचा कोंब आणून बाटलीत लावला. तो जमला तेव्हा अक्काला इथे प्रयोगशाळेत आणलं. तीही बांगड्या काढायला लागली, मग तिच्याच लक्षात आलं की हातात बांगड्या नाहीतच, आणि ती मोठ्याने हसली. मी तिच्या हातात बाटली दिली. आत बोटाच्या पेराएवढी पाच रोपं.

"हे माही केयी?"

"तुझीच. तुझ्याच कोपऱ्यातली."

तिने बाटली उजेडाला धरली, फिरवून फिरवून पाहिली. मग पदर पुढे केला आणि ती बाटली ओटीत ठेवून उगीच थोडा वेळ उभी राहिली. मी तिला ती काढायला सांगितलं नाही. शेवटी तिनेच काढून दिली आणि म्हणाली, "यायले तासू नको बरं."

अक्का गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिची नक्कल निघणार नाही, निघाली तरी ती अक्का असणार नाही. तिच्यावरच्या रेघा तिच्याबरोबर गेल्या. पण तिची केळी आता रावेरला आहे, यावलला आहे, अमळनेरकडेही गेली आहे. जी बाई सोयऱ्यांना एक मुनवा देत नव्हती तिचं बेणं दर मृगात ट्रॉल्या भरभरून जातं.

नाना आहेत. आता त्यांना कमी दिसतं. मागच्या मृगात मी घरी गेले होते. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मला काय वाटलं कोण जाणे, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं.

"नाना, ते पान माझ्या रोपाचं नव्हतं."

नाना हसले. त्यांचं हसणं आता खोकल्यासारखं झालंय. "केयीत उमर गेली माही. मले काय बेणं ओयखू येत नाही, असं वाटलं का तुले?"

"मग सही का केली?"

विहिरीच्या कोपऱ्याकडे त्यांनी अंदाजानेच मान वळवली.

"मी तिचा सख्खा भाऊ. मले तिनं कधी एक मुनवा नाही देला. अन् तुह्यासाठी सारा कोपरा उपटून आणला. मी पान नव्हतं पाह्यलं पोरी. मी तो कोपरा पाह्यला, न् मंग सही केली."